सहा ते नऊ

फोन वाजला नाही, नुसता थरथरला. रूट नाइनवरच्या त्या कधी न संपणाऱ्या सिग्नलला मी थांबले होते. शेजारच्या सीटवर रत्नाकाकूंसाठी घेतलेली निळ्या हायड्रेंजियाची कुंडी होती, तिला मी सीटबेल्ट लावला होता, आणि डॅशबोर्डवर अडकवलेल्या फोनच्या पडद्यावर हॉस्पिटलच्या ॲपची एक ओळ उमटली होती: नवीन रिपोर्ट आला आहे. शनिवारी संध्याकाळी पावणेसहाला कोण रिपोर्ट पाठवतं? सोमवारी येईल असं नर्सने सांगितलं होतं आणि सोमवारपर्यंत घाबरायचं नाही असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. मागच्या गाडीने हॉर्न दिला. इथे अमेरिकेत सहसा कोणी हॉर्न देत नाही, त्यामुळे दिला की शिवी हासडल्यासारखा लागतो. मी गाडी काढली. त्या ओळीवर बोट ठेवलं असतं तर तीन सेकंदांत कळलं असतं की मला मूल होण्याबद्दल माझ्या रक्ताचं सध्या काय मत आहे. पण रिपोर्ट दोघांनी मिळून उघडायचा असं ओजसशी ठरलं होतं, आणि ओजस त्याच्या आईला घेऊन अर्ध्या तासापूर्वीच काकूंकडे पोचला होता. सहा वाजता आमचं केळवण होतं. हातांना घाम आला होता, तो मी स्टिअरिंगला पुसला, साडीला नाही. साडी आईने नागपूरहून पाठवलेली होती.

सहा वर्षांपूर्वी, सत्ताविसाव्या वर्षी, ऑफिसच्या टेबलाचा कोपरा मांडीला लागून एक निळा डाग पडला आणि तो महिनाभर गेलाच नाही. तेवढ्यावरून रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी जिथे दहा हजार असायच्या तिथे एक लाख चाळीस हजार निघाल्या. डॉक्टरीणबाई फार चांगल्या. त्यांनी माझा हात धरून सांगितलं की ल्युकेमिया आहे, पण जुनाट प्रकारचा, हळू चालणारा, आणि होणारच असेल तर हा झालेला बरा. मला तेव्हा नागपूरच्या आमच्या घरमालकीणबाई आठवल्या. पोर्शन भाड्याने देताना त्याही असंच म्हणायच्या, पश्चिमेची खोली आहे पण उन्हाळा सोडला तर त्रास नाही. मग गोळी सुरू झाली. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. आधी दोन तास आणि नंतर एक तास पोटात पाण्याशिवाय काही जायला नको, कारण पोटात अन्न असलं तर ती गोळी रक्तात नको तेवढी चढते आणि हृदयाचा ताल बिघडवते. म्हणजे सहा ते नऊ, दिवसातून दोनदा, रोज, तोंड बंद. सकाळचं कोणाला कळत नाही. पण संध्याकाळचे सहा ते नऊ म्हणजे मराठी माणसाचं सगळं सामाजिक आयुष्य. बारसं, डोहाळजेवण, मंडळाचे कार्यक्रम, पॉटलक, सगळं त्या तीन तासांत कोंबलेलं असतं आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी प्लेट घेऊन मागे लागतं. पहिल्यांदा कोणाकडे तरी वडे होते, एक बाई ऐकेचनात, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की उपास आहे. चमत्कार झाल्यासारख्या बाई मागे सरल्या. उपास म्हटल्यावर आपल्याकडे कोणी कारण विचारत नाही, फार तर वार विचारतात. त्या दिवशी शुक्रवार होता, म्हणून शुक्रवार सांगितला.

पुढे काय होणार ते उघड होतं. शनिवारी भेटणाऱ्यांनी तो मारुतीचा उपास आहे असं गृहीत धरलं, रविवारी भेटणाऱ्यांनी कसला धरायचा ते त्यांनाही कळेना, आणि एकदा दोन घरांची माझ्या वारावरून चक्क वादावादी झाली. शेवटी असा निकाल लागला की उर्वी रोजच संध्याकाळी काही व्रत करते, नागपूरकडचं काहीतरी असेल. आमच्या श्रूजबरी गावात माझी ख्याती पसरली. तरुण मुली माझ्याकडे जरा संशयाने बघायच्या, बायका कौतुकाने. खोटं बोलल्याची लाज मला होती, पण खरं सांगितल्यावर त्या कौतुकाच्या जागी जो चेहरा येतो तो मी पाहिला होता. बाबांनी बायोडाटा केला होता तेव्हाची गोष्ट. बाबा वीज मंडळात होते, कागद स्वच्छ ठेवायची त्यांना सवय. आजाराचं कुठे लिहायचं यावर त्यांनी आठवडाभर विचार केला आणि शेवटी रक्तगट तेवढा लिहिला. पहिलंच स्थळ आलं, आणि दुसऱ्या फोनवर मी स्वतःच त्या मुलाला सांगितलं. तो खूप समजूतदारपणे बोलला, घरच्यांशी बोलून फोन करतो म्हणाला, आणि अजून बोलतोय बहुतेक. त्यानंतर बायोडाटा कोणालाच गेला नाही. मला वाईट वाटलं होतं, पण रडू आलं नव्हतं. त्या दिवशी सहा ते नऊमध्येच तो फोन झाला होता आणि मला फक्त कधी एकदा नऊ वाजतात असं झालं होतं.

ओजस मला तीन वर्षांपूर्वी गणपतीत भेटला, प्रसादाच्या रांगेत. हा नाशिकचा, शेजारच्या वूस्टरला नवीन आलेला. मी रांगेत पुढे आणि माझ्या हातात प्लेट नाही, म्हणून त्याने विचारलं आणि मी नेहमीचं उत्तर दिलं. त्याच रात्री फोनवर त्याने आईला सांगितलं की इथे एक मुलगी चक्क गणपतीच्या जेवणावळीतही उपास मोडत नाही. तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं म्हणतो. पुढे क्विन्सिगामंड तळ्याच्या काठी बाकावर बसून मी त्याला खरं सांगितलं. चार वाक्यं तयार करून नेली होती, ती दीड मिनिटात संपली. मग हातातल्या पिशवीतून त्याने समोसा काढला, सव्वासहा झाले होते, आणि माझ्यासमोर तो सगळा खाल्ला. खाऊन झाल्यावर म्हणाला, "नऊ वाजता तुझ्यासाठी दुसरा गरम करतो." मी याच्याशी लग्न करणार हे मला त्या तेलकट कागदाकडे बघताना कळलं. त्याने दया दाखवली असती तर मी उठून गेले असते. आईला मात्र त्याने खरं सांगितलं नाही. त्याचे बाबा आठ वर्षांपूर्वी लिव्हरच्या कॅन्सरने गेले, अकरा महिने त्याच्या आईने, प्रतिमाकाकूंनी, एकटीने केलं. तो शब्द पुन्हा त्या घरात न्यायचा नाही, निदान एवढ्यात नाही, असं त्याचं होतं. एखादा चांगला आकडा हातात आला की सांगू, असं आम्ही ठरवलं. चांगले आकडे पुष्कळ आले. प्रत्येक वेळी आणखी एक येऊ दे असं वाटलं.

शिवाय गोळी चालू असताना मूल नाही. पोटातल्या बाळाला ती बाधते. रक्तातला तो बिघाड चार वर्षं तपासणीत सापडलाच नाही, तेव्हा मार्चमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबवून बघू. दर दोघांमधल्या एकाचा आकडा पुन्हा चढतो, आणि बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. चढला तर गोळी परत सुरू, तब्येतीला धोका असा नाही, पण मग मुलाचं पुढे ढकलायचं, कदाचित कायमचं. पॉइंट एक ही रेषा. ती न ओलांडता सप्टेंबर गाठला तर बाळाचं बोलू. दर महिन्याला रक्त. पहिल्या दोन महिन्यांत काही सापडलं नाही, आता फोनमध्ये तिसरा महिना होता. गोळी बंद झाली तरी सहा वाजले की माझं तोंड आपोआप बंद व्हायचं. घरी एकटी असले की मी मुद्दाम साडेसहाला पोहे करून खायचे आणि दाराकडे बघायचे, कोणी पकडेल की काय. लोकांत मात्र उपास चालूच ठेवला होता. अचानक सोडला तर विचारतील म्हणून, हे खरं. आणि ते तीन तास पाळत राहिलं तर आकडा गुमान खाली राहील असंही मला वाटायचं, हे जास्त खरं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, असल्या गोष्टींना हसते. हसत हसत पाळत होते.

काकूंच्या दारात चपलांचा ढीग होता. नातेवाइकांनी लग्नाआधी वधूला किंवा वराला जेवायला बोलवायचं ते केळवण. इथे नातेवाईक कोणाचेच नसतात, म्हणून पन्नास वर्षांपूर्वी आलेल्या रत्नाकाकू आणि मनोहरकाका हे दोघे डॉक्टर सगळ्यांचेच नातेवाईक होतात, आणि मुलाचं नि मुलीचं केळवण एकाच ताटात उरकतात. डायनिंग टेबलाभोवती कागदी रांगोळी चिकटवली होती, कारण लाकडी फ्लोअर. आम्हाला शेजारी शेजारी बसवलं, ओवाळलं. ओजसने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं, मी काही न बोलता. टेबलाखाली मी त्याच्या गुडघ्यावर फोन ठेवला, त्याने तो पालथा केला. मग ताटं आली. पुरणपोळी, मसालेभात, अळूची भाजी, माझ्या मैत्रिणीने, सावनीने, केलेलं केशरी श्रीखंड, आणि या सगळ्याचा वास एकदम अंगावर आला. माझ्यासमोर प्रतिमाकाकूंनी स्वतः ताट आणून ठेवलं आणि वर स्टीलचं मोठं झाकण घातलं. त्यांना येऊन चारच दिवस झाले होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण नम्रपणे, त्यांनी सांगितलं की उर्वी नऊ वाजता जेवेल, स्वतःच्या केळवणालाही ती नेम मोडायची नाही, नाशिकला आमच्या कॉलनीत सगळ्यांना मी सांगितलंय. गणिताच्या शिक्षिका होत्या त्या, पस्तीस वर्षं, आणि अभिमान दाखवायची त्यांना सवय नव्हती, तो दाखवताना त्या लाल झाल्या. टेबलाभोवती कौतुकाची कुजबुज झाली. फक्त मनोहरकाका माझ्याकडे न बघता पाण्याचे पेले भरत होते. सहा वर्षांत त्यांनी मला कधी वार विचारला नाही. प्रत्येक कार्यक्रमात बरोबर आठ वाजता ते एक पेला साधं पाणी आणून माझ्या हाताशी ठेवायचे आणि निघून जायचे. दोन तास आधी, एक तास नंतर, हा कुठल्या देवाचा नेम नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार.

मी हात धुऊन येते म्हणाले. ओजस मागोमाग आला. काकूंच्या लॉन्ड्री रूममध्ये ड्रायर नुकताच थांबला होता, खोली ऊबदार होती, टॉवेलांचा गोड वास होता. दार लोटून आम्ही ती ओळ उघडली. शून्य पॉइंट शून्य शून्य सहा. मागचे दोन महिने जिथे 'सापडलं नाही' लिहिलेलं असायचं, तिथे आकडा होता. मी ड्रायरला टेकले, त्याची ऊब पाठीला लागली.

"लाइनच्या खूप खाली आहे यार," ओजस म्हणाला.

"खाली आहे. पण आहे."

मला दिसत होतं की तो मनातल्या मनात शून्यं मोजतोय. मी भीतीची वाट बघत होते, गेली सहा वर्षं ती कधी चुकलेली नव्हती, आणि ती आलीही. पण तिच्याबरोबर भूकसुद्धा आली, अगदी साधी, पोटात गुरगुरणारी. बाहेर माझ्या नावाचं ताट झाकून ठेवलंय, ते मला आत्ता खाता येतं, आणि एका जुन्या थापेपायी मी ते नऊपर्यंत बघत बसणार आहे, याचा मला मनापासून राग आला. चांगला आकडा आला की सांगू म्हणे. हाच माझा आकडा. कधी सापडणार नाही, कधी सहा असेल, कधी वर जाईल, आणि मला याच्यासोबतच लग्न करायचंय, भांडायचंय, जमलं तर मूल वाढवायचंय. मी ओजसला तसं सांगितलं. तो म्हणाला की आईला आता नको, उद्या घरी शांतपणे सांगू, आणि तेवढ्यात दार ढकलून प्रतिमाकाकूच आत आल्या. पाहुणे ताटकळलेत, पोळ्या गार होतायत, असं काहीतरी म्हणत होत्या. आमची तोंडं बघून थांबल्या.

मी सगळं सांगितलं. तळ्याकाठची चार वाक्यं आता दोनच झाली होती. ल्युकेमिया म्हटल्यावर काकूंनी वॉशिंग मशीनवर हात टेकला. ओजस पुढे झाला, त्याला त्यांनी दुसऱ्या हाताने थांबवलं. त्यांची नजर टॉवेलांच्या ढिगावर होती. त्या आता नाही म्हणतील, हे मला अगदी स्पष्ट दिसलं, आणि त्यांनी तसं म्हटलं तर मी त्यांना दोष देणार नाही हेही दिसलं.

"म्हणजे तो उपास नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही काकू. गोळीची वेळ होती. मी खोटं बोलले."

"यांच्यासारखंच आहे का?" हे म्हणजे ओजसचे बाबा. काकूंचा आवाज बारीक झाला होता.

"तसं नाही. याच्याबरोबर राहता येतं. सहा वर्षं राहतेय. पण मूल होईलच असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. गोळी परत लागली तर नाहीही होणार."

त्यांनी हात पुढे केला. मला आधी कळलं नाही, मग मी फोन दिला. चष्मा कपाळावर होता तो त्यांनी खाली ओढला आणि पेपर तपासावा तसा तो रिपोर्ट वरपासून वाचला.

"दशांश चिन्हानंतर दोन शून्यं. आणि रेषा कुठे आहे म्हणालीस?"

"पॉइंट एकला."

त्यांचे ओठ हलले. "सोळा पूर्णांक दोन तृतीयांश पट खाली आहेस," त्या म्हणाल्या. मग ओजसकडे वळल्या. "आणि तू. तीन वर्षं मला वेड्यात काढलंस. तुझ्या बाबांचं मी सगळं केलं, ते काय मला झेपलं नाही का?" ओजसच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याही आलं. दुसऱ्याच्या घरातला स्वच्छ टॉवेल घेऊन त्यांनी डोळे पुसले, घडी घातली, परत ढिगावर ठेवला. मला म्हणाल्या, "सहा ते नऊच ना? मधे साबुदाणा वगैरे?"

"काही नाही. फक्त पाणी."

"आणि सप्टेंबरपर्यंत बघायचंय. म्हणजे गणपतीपर्यंत." एवढं बोलून त्या बाहेर गेल्या.

आम्ही मागोमाग गेलो. टेबलाशी सगळे चमचे हातात धरून बसले होते. प्रतिमाकाकूंनी माझ्या ताटावरचं झाकण उचललं, वाफ नव्हतीच राहिली, आणि ते झाकण शेजारच्या खुर्चीपुढच्या, स्वतःच्या ताटावर ठेवलं. रत्नाकाकूंना त्या म्हणाल्या की आजपासून हिचा नेम मी घेतलाय, हिने पुष्कळ केला, आता हिला जेवू द्या. मग मला हळूच, "इतक्या लोकांना सांगून बसलेय. मला कशाला खोटं पाडतेस?" कोणी काही विचारलं नाही. नेम म्हटल्यावर कोण विचारणार? सासूने सुनेचं व्रत घेतलं म्हणून दोन-तीन बायकांनी पदराने डोळे टिपले, आणि सावनीने माझ्या पोळीवर तुपाची धार सोडली. मला त्या सगळ्यांना खरं सांगायचं होतं, आणि सांगीनही, एकेकीला, सवडीने. पण तोंडात पुरण होतं. सहा वर्षांत संध्याकाळच्या उन्हात मी कोणाच्या पंक्तीला जेवले नव्हते. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट ताटात येत होतं, श्रीखंडावर पडलं होतं, ओजसच्या हाताची सावली मसालेभातावरून येत-जात होती. आकडा पर्समध्ये होता, मला माहीत होतं. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त. ते काही कुठे गेलं नव्हतं. तरी मला बरं वाटत होतं, अगदी पोटातून बरं, आणि मी श्रीखंड दुसऱ्यांदा घेतलं.

प्रतिमाकाकू मात्र ताठ बसून मला वाढत होत्या. मधेच त्यांनी विचारलं की ऑगस्टमध्ये नाशिकला परत गेल्यावर सहा ते नऊ इथले धरायचे की तिथले. मग स्वतःच हिशेब केला: इथले धरले तर तिकडे पहाटेचे साडेतीन ते साडेसहा होतात, ते झोपेतच जातील, त्याला काही अर्थ नाही. तिथलेच धरीन. ओजस म्हणाला, "आई, ॲसिडिटी होईल तुला." त्यांनी त्याच्याकडे वर्गाच्या मागच्या बाकाकडे बघावं तसं बघितलं.

बरोबर आठ वाजता मनोहरकाका स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन आले. सवयीने माझ्याकडे वळले. माझा हात खरकटा, ताट रिकामं, शेजारी झाकलेलं ताट आणि त्यापुढे प्रतिमाकाकू. ते क्षणभर उभे राहिले, या ताटाकडे बघितलं, त्या ताटाकडे बघितलं. मग एक पाऊल पुढे होऊन त्यांनी पेला काकूंच्या हाताशी ठेवला. काकूंनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.